पहिल्या पोत्याचा मान

म्हादबामामांना 'नाही' कसं म्हणायचं, हा प्रश्न सुनेत्रा मगदूमला पहाटेपासून छळत होता. आंघोळ करताना तिने एक वाक्य जुळवलं, चहा घेताना दुसरं, आणि गाडी काढून माळावरच्या पेवांकडे निघाली तेव्हा दोन्ही वाक्यं तिच्या तोंडातच विरून गेली. ज्या माणसाने आपल्याला लहानपणी खांद्यावर बसवून पेवं दाखवली, त्याला सांगायचं, की मामा, आज तुम्ही खाली उतरायचं नाही. तेही सगळ्या माणसांदेखत, तेही पेव फोडायच्या, म्हणजे भरलेला माल काढायच्या दिवशी. त्यापेक्षा वीज कंपनीच्या साहेबाशी भांडणं परवडलं, असं तिला वाटत होतं.

मगदूमांचा हळदीचा धंदा तसा लहानच. सांगलीबाहेरच्या माळावर पाच-सहा पेवं, एक पत्र्याची शेड आणि दहा-बारा माणसं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, तोंडाला अरुंद आणि पोटाला ऐसपैस असं कोठार. मधल्या काळात लोकांनी ती बुजवून टाकली होती. सगळा माल शीतगृहात जायला लागला होता. पण मग उन्हाळे असे काही तापायला लागले आणि वीज इतकी महागली, की शीतगृहात ठेवलेली हळद विकण्यापेक्षा वाटून टाकलेली बरी, अशी व्यापाऱ्यांची अवस्था झाली. मातीच्या पोटातला गारवा फुकट होता. सुनेत्राने वडिलांची बुजलेली पेवं उकरली, रुंद केली, आतून अस्तर दिलं, तोंडाला सिमेंटची कड बांधली. लोक आधी हसले आणि मग स्वतःची पेवं उकरायला लागले.

गारवा फुकट होता, पण हवा नव्हती. हळद कितीही वाळवली तरी तिच्यात थोडी ओल राहतेच. त्या ओलीवर बुरशी जगते, कीड जगते, आणि ही सगळी मंडळी महिनोन्‌महिने बंद पेवातला प्राणवायू खात बसतात. त्याच्या जागी साचतो तो कार्बन डायऑक्साइड. हा वायू जड असतो. तळाशी पाण्यासारखा साचून राहतो, पोत्यांच्या फटीत लपून बसतो. तोंडाशी पंखा लावला, आत मोजमापाचं यंत्र सोडलं, तरी ते यंत्र जिथे टांगलंय तिथलीच हवा सांगतं. हातभर पलीकडे, एखाद्या पोत्यामागे काय दबा धरून बसलंय, हे त्याला कळत नाही. पोतं हललं की ते बाहेर पडतं. त्याला ना रंग ना वास. वाकलेल्या माणसाचे गुडघे मुडपतात, आणि तो आणखी खाली, आणखी वाईट हवेत जातो. वरून बघणारा त्याला वाचवायला उडी मारतो आणि त्याच्या शेजारी पडतो. पेवात माणूस गेल्याच्या जितक्या गोष्टी सुनेत्राने ऐकल्या होत्या, त्यात एकटा गेलेला माणूस क्वचितच होता.

म्हणून तर तिने कंठी आणली होती.

कंपनीने तिला भलंमोठं नाव दिलं होतं, पण माणसांनी पहिल्याच दिवशी तिची कंठी केली. गळ्याच्या बाजूला चिकटवायची एक पातळ पट्टी. आपल्या गळ्यात, मेंदूकडे जाणारी मोठी धमनी जिथे दुभंगते तिथे, तांदळाच्या कणीएवढा एक अवयव असतो. जन्मापासून मरेपर्यंत तो एकच काम करतो: रक्त चाखायचं. रक्तात प्राणवायू कमी पडला की तो मज्जातंतूतून मेंदूकडे आरडाओरडा पाठवतो, आणि मग आपल्याला धाप लागते. काही वर्षांपूर्वी संशोधकांना कातडीवरूनच ही कुजबूज ऐकायची युक्ती सापडली. माणसाला स्वतःला काही जाणवायच्या आत, भोवळ यायच्या दीडेक मिनिट आधी, कंठी ओळखायची की हा आता पडणार. मग कोणाला विचारत बसायची नाही. माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या विंचला, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राला, आणि विंच कंठीच्या ताब्यात. माणूस शिव्या देत वर यायचा, पण जिवंत यायचा.

एकच अट होती. प्रत्येकाची कुजबूज वेगळी, म्हणून कंठी प्रत्येकाचा गळा आधी शिकून घ्यायची आणि विंचवरच्या डब्याला अंगठा लावला की त्या माणसाच्या हिशेबाने ऐकायची. म्हादबामामांचा गळा शिकायला ती बसली आणि तिला काही ऐकूच आलं नाही. दवाखान्यात मुद्दाम विरळ हवा देऊन पाहिलं, तरी मामांचा तो कण ढिम्म. जन्मभर पेवातली हवा खाऊन तो बधिर झाला होता. डॉक्टर म्हणाले, इतरांना गुदमरल्यावर कळतं, यांना कळणारच नाही, हे हसत हसत पडतील. कंठीने मामांच्या नावापुढे लाल खूण केली, ती कायमची. आणि सगळ्यांत हिरवी खूण मिळाली ती त्यांच्याच मुलीला, गोकुळाला. तिचा कण इतका जागा होता, की शेजारी कोणी विडी ओढली तरी डब्याच्या पडद्यावरची रेघ थरथरायची.

गोकुळा नवऱ्याला सोडून परत आल्यावर सुनेत्राकडे कामाला लागली होती. तिशीची, काटक, कमी बोलणारी. गेल्या वर्षभरात ती पेवात उतरायला शिकली होती, आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा उतरली त्या दिवशी मामा घरी जेवले नाहीत.

सुनेत्रा पोचली तेव्हा माणसं पेवाभोवती जमली होती. रात्रभर तोंड उघडं ठेवलं होतं, पंखा घोंघावत होता. विंचपाशी यासीन मुल्ला उभा होता. तो विंच चालवायचा आणि बाकी वेळ चेष्टा करायचा, पण आज तोही गप्प होता. कारण मामा आले होते. धुवट धोतर, डोक्याला फेटा, हातात नारळ, पायात काही नाही.

"काय गं सुनी," ते म्हणाले, "तोंड का पाडलंयस? माल चांगला निघणाराय. वासावरनं कळतंय मला."

"मामा, जरा इकडं येता का?"

"बोल की हितंच. चोरी हाय का काय?"

सुनेत्राने गोकुळाकडे पाहिलं. गोकुळा कमरेला पट्टा बांधून तयार होती, आणि ती सुनेत्राच्याच तोंडाकडे पाहत होती. मघाशी फाटकाशी तिने हळूच म्हटलं होतं, "अक्का, तुम्हीच सांगा त्यास्नी. माझं न्हाई ऐकायचे."

"मामा, नारळ तुम्ही फोडा," सुनेत्रा म्हणाली. "पूजा तुमचीच. पण खाली गोकुळा जाऊ दे. तिचं हिरवं आहे."

मामा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ते चिडले असते तर तिला बरं झालं असतं.

"आन पहिलं पोतं?" त्यांनी विचारलं.

पेव भरताना पहिलं पोतं तळाशी, शिडीच्या पायाशी, भिंतीला टेकवून ठेवतात आणि तिथवरची वाट मोकळी राखतात. पेव फोडताना तेच आधी बाहेर काढायचं, देवापुढे ठेवायचं आणि मग बाकीच्या मालाला हात लावायचा. ते पोतं काढायचा मान मामांच्या, म्हणजे ऐवळ्यांच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्याचा. त्याने ते अनवाणी काढायचं, एकट्याने काढायचं. तोवर दुसऱ्या कोणाचा पाय त्या पेवाच्या तळाला लागायचा नाही. मगदूमांच्या आधीही ही रीत होती आणि मगदूम गेले तरी राहिली असती.

"गोकुळा काढेल," सुनेत्रा म्हणाली. "तीही ऐवळेच की."

"मी मेल्यावर काढंल." मामांचा आवाज खाली आला. "सुनी, पगार न्हाई दिलास तरी चालंल मला. मला त्या शेडीत पोती शिवायला बसवलंस, मी बसलो. त्या मशिनीनं माझ्या नरड्यात काय बघितलं देव जाणे, मी म्हटलं बघू दे. पर ह्यो मान हाय गं. एक डाव. वरसातनं एक डाव खाली जाऊन यायचं. तेवढंबी न्हाई?"

आणि त्यांचे डोळे भरून आले. सगळ्यांदेखत. यासीनने मान वळवली. बाकीची माणसं जमिनीकडे पाहायला लागली. या धंद्याची मालकीण ती होती, आणि कामगारांच्या जिवाची जबाबदार अधिकारी म्हणून कागदोपत्री नावही तिचंच होतं, कारण एवढ्याशा धंद्यात दुसरा अधिकारी आणायचा कुठून? पण त्या क्षणी ती ना मालकीण होती ना अधिकारी. ती मामांच्या खांद्यावरची पोर होती, आणि त्या पोरीला मामांचं रडणं बघवेना.

तिने मनातल्या मनात हिशेब केला. पंखा रात्रभर चालू होता. तळाशी सोडलेलं यंत्र हवा चांगली सांगत होतं. जायला-यायला कितीसा वेळ? शिवाय दोर असणार. लाल माणसाला विंच दोर देत नाही एवढीच अडचण, आणि त्या अडचणीवर तोडगा तिला आधीच सुचला होता. तो सुचला होता याचीच तिला आता लाज वाटत होती, पण ती बोलून गेली.

"गोकुळे, अंगठा लाव. तुझ्या नावाने उघडू. पट्टी मामांना लावते."

गोकुळा जागची हलली नाही. "अक्का..." एवढंच म्हणाली.

"एकदाच. लगेच येतील वर."

गोकुळाने बापाकडे पाहिलं, मग परत सुनेत्राकडे. कशाची तरी वाट पाहिल्यासारखी ती उभी राहिली. मग तिने अंगठा लावला. सुनेत्राने मामांच्या सुरकुतलेल्या गळ्यावर पट्टी चिकटवली, आणि पडद्यावर गोकुळाच्या नावापुढे हिरवा दिवा लागला.

"पण मामा, दोर सोडायचा नाही," ती म्हणाली.

"न्हाई सोडत बाई. आता बांधलंयस तर बांधलंयस."

मामांनी नारळ फोडला, पाणी चहूकडे शिंपडलं. मग हवा बघायला कंदील सोडायचा हट्ट धरला. कंदील खाली गेला, तळाशी जाऊन शांत जळत राहिला. मामांनी सगळ्यांकडे पाहिलं, म्हणजे बघा, मी म्हणत नव्हतो? आणि ते शिडीवरून उतरायला लागले. तीस वर्षांनी लहान झाल्यासारखे उतरत होते. सुनेत्राला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. आपण केलं ते चुकीचं असेल, पण वाईट नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

"पोचलो गं!" खालून आवाज आला.

पडद्यावरची हिरवी रेघ सरळ होती. यासीनच्या तोंडावर हसू आलं. "मामा, खाली काय सोनं बिनं दिसलं तर अर्धं माझं बरं का!"

"तुझ्या बापानं ठेवलंय!" खालून मामा म्हणाले आणि सगळे हसले. मग पोत्यावर हात मारल्याचा आवाज आला. "घावलं. जरा दोर सोडतो हां. देवाच्या पोत्याला हात लावताना अंगावर दोर नसावा."

"मामा, नाही!" सुनेत्रा कडेवर वाकून ओरडली. "दोर ठेवा! मामा!"

"आत्ता लावतो की परत."

कडी निघाल्याचा बारीक आवाज झाला. मग पोतं ओढल्याचा खरखराट. एकदा, दोनदा. मग काहीच नाही.

"मामा?"

पंखा घोंघावत होता. सुनेत्राने पडद्याकडे पाहिलं. हिरवा दिवा, सरळ रेघ. यंत्र सांगत होतं, की खालचा माणूस उत्तम हवेत मजेत श्वास घेतोय. आणि तिने त्यावर विश्वास ठेवला. क्षणभरच, पण ठेवला. दमले असतील, पोत्याला नमस्कार करत असतील.

"अक्का, मामा बोलंनात," यासीन म्हणाला.

तिची नजर अजून त्या रेघेवर होती. एवढी सरळ रेघ. मणाचं पोतं ओढल्यावर धडधाकट माणसाचीही रेघ थोडी उसळते, चांगल्या हवेतसुद्धा उसळते. ही हललीच नव्हती. आणि मग तिला उमगलं. रेघ शांत नव्हती, मुकी होती. मामांचा गळा कधी बोलायचाच नाही, म्हणून तर कंठीने त्यांना लाल केलं होतं. पण आज ती गोकुळाच्या हिशेबाने ऐकत होती, आणि गोकुळाचा गळा इतका गप्प असेल तर त्याचा एकच अर्थ होता: हवा चांगली आहे. मामा मरत असते तरी कंठीने हिरवा दिवाच दाखवला असता.

"ते पडलेत," ती म्हणाली. "यासीन, पंखा पूर्ण सोड. अग्निशमनला फोन लाव. कोणी खाली जायचं नाही! कोणी नाही!"

गोकुळा कडेशी पोचली होती. सुनेत्राने तिचा पट्टा मागून धरला.

"सोडा अक्का."

"तशी गेलीस तर तूही पडशील. दोर लाव, कंठी लाव, मग."

पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून उतरायचा संच असता तर ही वेळ आली नसती. सुनेत्रा तो घेणार होती. पण कंठी आल्यावर विमा कंपनीने त्याचा आग्रह सोडला, आणि तिने विषय सोडून दिला. कंठी असताना संच कशाला, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. आता जवळचा संच शहरात, अग्निशमनच्या गाडीवर होता.

यासीनने दुसरी पट्टी गोकुळाच्या गळ्यावर दाबली, मामांनी सोडलेला दोर हाताने वर ओढून तिच्या कडीत अडकवला. गोकुळाने अंगठा लावला. विंच हलला नाही. यंत्रातून बाईच्या गोड आवाजात उत्तर आलं:

"गोकुळा ऐवळे खाली आहेत. त्या सुरक्षित आहेत. दुसऱ्या व्यक्तीला प्रवेश नाही."

गोकुळा स्वतःचं नाव ऐकून त्या डब्याकडे बघतच राहिली. मग तिच्या तोंडून एक असा आवाज निघाला, की सुनेत्राचं काळीज फाटलं.

एक लाल कळ होती. 'आत चुकीची व्यक्ती' अशी. ती दाबली की सगळी कुलपं सुटायची, आणि त्याच क्षणी विमा कंपनीला आणि कारखाना निरीक्षकाला आपोआप खबर जायची. मग परवाना नाही, पेवं नाहीत, या दहा-बारा माणसांचं काम नाही. सुनेत्राचा हात कळीवर गेला आणि अडला. एक श्वासभर अडला. त्या एका श्वासाबद्दल तिने पुढे स्वतःला माफ केलं नाही. मग तिने कळ दाबली.

"आत कोण आहे?" यंत्राने विचारलं.

"म्हादबा ऐवळे."

"म्हादबा ऐवळे यांना प्रवेशाची परवानगी नाही."

"ठाऊक आहे मला!" ती किंचाळली. "दोर सोड!"

विंच सुटला. सुनेत्राने गोकुळाचे दोन्ही खांदे धरले. "ऐक. मशीन तुला ओढेल तेव्हा मी थांबवणार नाही. मामा हाताशी असले तरी नाही. कबूल?"

"बरं," गोकुळा म्हणाली. ती ऐकत नव्हती. ती आधीच अर्धी शिडीवर होती.

पडद्यावर आता दुसरी रेघ उमटली, आणि ही रेघ जिवंत होती. शिडीच्या मध्यापर्यंत ती नुसती थरथरली. खाली जाता जाता ती उसळायला लागली. सुनेत्राच्या अंगठ्याखाली विंचचं 'रोखा' बटण होतं. ते दाबून धरलं, की कंठीचं काही चालत नसे. दुरुस्तीच्या वेळेसाठी ते ठेवलं होतं.

"दिसले!" खालून गोकुळाचा आवाज. "पोत्याखाली हायत! पोतं अंगावर आलंय!"

खरखराट झाला. रेघ वेड्यासारखी उड्या मारायला लागली. हिरव्याचा पिवळा झाला. गोकुळाच्या श्वासाचा आवाज वरपर्यंत येत होता, भात्यासारखा.

"काढलं! कडी लावतीया! जरा थांबा!"

पिवळ्याचा लाल झाला. विंचने हिसका दिला.

"ओढू नका! अक्का! धरलंय मी त्यास्नी! ओढू नका!"

"दाबा अक्का!" यासीन ओरडला. "बटण दाबा! येवढीच कडी राहिलीय, दाबा!"

सुनेत्राचा अंगठा बटणावर होता. नुसता ठेवलेला. दाबलं तर गोकुळाला कडी लावायला वेळ मिळेल आणि बापलेक दोघं वर येतील. किंवा बापाला अडकवण्यासाठी उघडलेली कडी तिच्या हातातून निसटेल, तिचे गुडघे मुडपतील, आणि मग खाली दोघं पडलेली असतील आणि दोराला कोणी नसेल. यंत्र म्हणत होतं, ती पडणार. आणि या खेपेला यंत्र ज्याच्या नावाने ऐकत होतं, गळाही त्याच माणसाचा होता. सुनेत्राला मामा हवे होते. आयुष्यात एवढं दुसरं काही नको होतं. पण तिने अंगठा उचलला आणि हात पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताने घट्ट धरला, कारण त्याचा तिला भरवसा वाटेना.

"नाही," ती म्हणाली.

"अक्का!"

"नाही म्हटलं ना!"

दोर ताणला. खालून एक लांब किंकाळी आली, आणि मग कापड फाटल्याचा आवाज. गोकुळा वर आली ती ओठ निळे पडलेली, डोळे फिरलेली. बापाच्या सदऱ्याची बाही तिच्या मुठीत होती. यासीनने तिला आडवं केलं. चार श्वास घेतल्यावर तिची नजर जागेवर आली आणि ती रांगत परत पेवाकडे निघाली. सुनेत्राने पेवाची लोखंडी जाळी ओढली, तोंडावर टाकली आणि त्या जाळीवर बसली.

"उठा," गोकुळा म्हणाली.

"नाही."

"उठा अक्का. घावले हुते मला. हाताला लागले हुते. गरम हायत अजून!"

"नाही उठणार."

गोकुळाने तिला मारलं. दंडावर, पाठीवर, तोंडावर. सुनेत्राने हात वर केला नाही. ती जाळी दोन्ही हातांनी धरून बसली. खालून थंड, हळदीच्या वासाची हवा तिच्या पायांना लागत होती, आणि त्या हवेत मामा होते. तिला रडू येत होतं आणि ती रडत होती, पण उठली नाही. माणसं भोवती उभी होती, कोणी पुढे झालं नाही. यासीन एकदा म्हणाला, "मी जातो, मला सोडा," आणि तिने त्यालाही नाही म्हटलं. सकाळपासून जो शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता, तो आता सारखा निघत होता.

अग्निशमनची गाडी आली, पाठोपाठ रुग्णवाहिका आली. पाठीवर सिलिंडर बांधलेले दोघं जण उतरले आणि मामांना घेऊन वर आले. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता. फेटासुद्धा जागेवर होता. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरणीने त्यांची छाती दाबली, तोंडावर नळी लावली, पुन्हा दाबली. खूप वेळ दाबली. मग ती थांबली आणि तिने घड्याळ पाहिलं, आणि ती का पाहतेय हे सगळ्यांना कळलं.

गोकुळा मातीत बसली होती. सुनेत्रा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या गालावर गोकुळाच्या बोटांचे वळ उठले होते. मोबाइल सारखा वाजत होता, निरीक्षकाच्या कचेरीतून असणार. तिने तो बंद केला नाही आणि उचललाही नाही. गोकुळा शिवी देईल असं तिला वाटलं, आणि तिने ती घेतली असती.

"मला वर ओढलासा, त्येचा राग न्हाई माझ्या मनात," गोकुळा म्हणाली. तिचा घसा बसला होता. "आज हाय, पर उद्या न्हाई राहायचा. मी गेले असते, एवढं कळतंय मला."

ती थांबली. डॉक्टरणीने मामांवर चादर ओढली.

"पर आत्ता न्हाई म्हणालासा की हो. मी मारलं तरी न्हाई म्हणालासा. तसंच सकाळी म्हणायचं हुतं, अक्का. माझ्यानं बापाला म्हणवत नव्हतं. मी तुमच्या तोंडाकडंच बघत हुते."

सुनेत्राने काही कारण सांगितलं नाही. मान होता, मामांचे डोळे भरले होते, सगळी माणसं बघत होती, हे सगळं खरं होतं आणि त्यातलं काही आता तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

"व्हय गोकुळे," ती म्हणाली. "म्हणायचं होतं."

रुग्णवाहिकेच्या गाडीवाल्याने सोबत कोण येणार म्हणून विचारलं. गोकुळा उठली, गाडीत चढली आणि बापाशेजारी बसली. सुनेत्राला चढायला तिने हात दिला नाही. सुनेत्रा आपली आपणच चढली.